केबलवरच लिहा : टाइप-सीची उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
फोन, लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक, केबल आणि टाइप-सी पोर्ट असलेले कोणतेही उपकरण बनवणाऱ्या कंपन्या

विषय : केबल, चार्जर आणि पोर्ट यांची खरी क्षमता त्या त्या वस्तूवरच छापण्याबाबत

स. न. वि. वि.

नवा फोन जाहीर झाला की कॅमेऱ्याच्या खालोखाल चर्चा होते ती वॅटची. ६७, ८०, १२०. आकडा जेवढा मोठा तेवढी बातमी मोठी. फोन हातात आल्यावर मात्र आठवडाभरात निराळेच प्रश्न सुरू होतात. शंभर वॅटचा चार्जर घेतला, तरी लॅपटॉप ‘स्लो चार्जर’ का म्हणतो? नवी केबल लावली तर मॉनिटर काळाच का राहतो? हा छोटा पंखा जुन्या चौकोनी पिनच्या केबलने चार्ज होतो आणि दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने होत नाही, मग बिघडला म्हणायचा का? उत्तरे शोधताना आम्हाला वारंवार दिसते की वस्तू अगदी ठणठणीत आहे. तिची माहिती तेवढी कुठे लिहिलेली नाही. ती छापणे तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

टाइप-सीचे पहिले स्पेसिफिकेशन २०१४ मध्ये आले. कशीही उलटसुलट लावता येणारी २४ पिनांची ही जोडणी उत्तम आहे, आणि तिच्यावर आमचा रोष नाही. अडचण अशी की एकाच आकाराच्या पिनमागे तीन वेगळ्या गोष्टी असतात : वीज किती वाहील, डेटा किती वेगाने जाईल आणि स्क्रीनचे चित्र जाईल की नाही. या तिन्हींचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. २४० वॅट वाहून नेणारी जाडजूड केबल डेटाला ४८० मेगाबिटवर थांबू शकते, म्हणजे २००० सालच्या यूएसबी २.० च्या वेगावर. ४० गिगाबिटची केबल ६० वॅटपुरतीच असू शकते. बाहेरून दोन्ही काळ्या, दोन्ही विणलेल्या, दोन्हींची पिन सारखी. खोक्यावर माहिती असते, पण खोके पहिल्याच दिवशी टाकले जाते आणि केबल पाच वर्षे खणात राहते.

सुरुवात केबलपासून करू, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो.

दोन्हीकडे टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअरची असते. पॉवर डिलिव्हरी (पीडी) या यूएसबीच्या जलद चार्जिंग पद्धतीमध्ये नेहमीचा सर्वांत वरचा दाब २० व्होल्टचा, म्हणून २० गुणिले ३, असे ६० वॅट. यापुढे जायचे तर केबलच्या पिनमध्ये ई-मार्कर नावाची छोटी चिप लागते. चार्जर आधी तिला विचारतो, ‘तू किती अँपिअरची?’ उत्तर ५ आले तरच तो ३ च्या वर जातो. चिप नसेल तर शंभर वॅटचा चार्जरही मुकाट्याने ६० वर थांबतो. हे बरोबरच आहे, सुरक्षिततेसाठी हवेच. पण वापरणाऱ्याला कळते एवढेच की लॅपटॉपवर जड काम सुरू केले की चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरते. तो चार्जरला दोष देतो, नवा चार्जर विकत घेतो, आणि तीच केबल त्या नव्या चार्जरलाही लावतो.

यूएसबीची मानके ठरवणाऱ्या यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमने २०२१ मध्ये पॉवर डिलिव्हरी ३.१ आणले. त्यात २८, ३६ आणि ४८ व्होल्टचे दाब वाढले आणि मर्यादा ४८ गुणिले ५, म्हणजे २४० वॅटवर गेली. त्याच वर्षी केबलसाठी ६० वॅट आणि २४० वॅट असे दोन लोगो ठरले आणि प्रमाणित टाइप-सी केबलवर त्यांपैकी कोणता लागू आहे ते स्पष्ट दाखवणे आवश्यक झाले. चिन्ह तयार आहे, नियम तयार आहे. तरीही विकल्या जाणाऱ्या असंख्य केबलींवर एक अक्षर नसते, कारण प्रमाणपत्र घेणे ऐच्छिक आहे. मोठ्या कंपन्यांनो, फोनच्या खोक्यात तुम्ही स्वतः जी केबल देता तीसुद्धा बहुधा कोरीच असते. स्वस्त केबल बनवणाऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी तुमच्या खोक्यातल्या केबलवर दोन आकडे कोरा.

आणि वॅटच्या जोडीला अँपिअरही छापा, ही आमची आग्रहाची मागणी आहे. कारण उदाहरणाने पटेल. पॉवर डिलिव्हरीतल्या पीपीएस (प्रोग्रामेबल पॉवर सप्लाय) पद्धतीत फोन चार्जरकडे २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी हवा तेवढाच दाब मागतो, त्यामुळे फोन कमी तापतो. अशा पद्धतीने ४५ वॅट घेणारा फोन साधारण १० व्होल्टला ४.५ अँपिअर मागतो. आता वापरणारा केबलवर ‘६० वॅट’ वाचतो, फोन ४५ चा आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणजे केबल पुरेशी आहे असा हिशेब तो करतो. हिशेबात त्याची काहीच चूक नाही. तरी फोनला ४५ वॅट मिळत नाहीत, कारण ६० वॅटची केबल ३ अँपिअरची असते आणि १० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे फक्त ३०. केबलला मर्यादा असते ती अँपिअरची; वॅट हा त्यातून काढलेला आकडा, आणि हे ६० वॅट २० व्होल्ट धरून काढलेले. ‘३ अँपिअर, ६० वॅट’ किंवा ‘५ अँपिअर, २४० वॅट’ एवढे छापले तर हा घोटाळा राहणार नाही.

तारेच्या जाडीबद्दल तर कोणी बोलतच नाही. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम, २४ गेजचा ०.०८४, २० गेजचा ०.०३३. वीज जाते आणि परत येते, म्हणून केबलची लांबी दुप्पट धरायची. जाण्यायेण्याला एकेकच तार धरली, तर २४ गेजच्या दोन मीटर केबलचा रोध ०.३४ ओहमच्या आसपास येतो आणि ३ अँपिअरला त्यात १ व्होल्ट पडतो. स्पेसिफिकेशन विजेच्या तारेत अर्धा व्होल्ट आणि ग्राउंडच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, तारेत पाव व्होल्ट, मिळून पाऊण व्होल्टपर्यंतचीच परवानगी देते. म्हणजे ही केबल नियमात बसत नाही. चार्जर २० व्होल्टवर असेल तर १ व्होल्टची घट कोणाला जाणवतही नाही. तोच ५ व्होल्टवर असेल तर पाचवा हिस्सा वाटेतच जातो. २८ गेज वापरले तर त्याच लांबीला अडीच व्होल्ट पडतील, आणि पाचातून अडीच गेल्यावर फोन चार्जिंग जवळजवळ सोडूनच देतो. लांब केबल हळू चार्ज करते ही तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे. तिचे उत्तर गेजच्या एका आकड्यात आहे. पूर्वी कित्येक केबलींच्या आवरणावर ‘२८/२४’ असे काहीतरी छापलेले असायचे, पहिला आकडा डेटाच्या तारांचा आणि दुसरा विजेच्या. ती पद्धत परत आणा.

डेटाचा घोळ नावांपासून सुरू होतो. २००८ मध्ये यूएसबी ३.० आले, ५ गिगाबिट. २०१३ मध्ये त्याच वेगाला ३.१ जेन १ म्हटले गेले आणि २०१७ मध्ये ३.२ जेन १. वेग तोच, नावे तीन. त्यामुळे ‘यूएसबी ३.२’ एवढेच लिहिलेला पोर्ट ५ चा, १० चा की २० चा हे सांगता येत नाही. २०२२ मध्ये फोरमनेच ही नावे ग्राहकांपुरती बाजूला ठेवून थेट वेग लिहायला सांगितले : यूएसबी ५, १०, २०, ४०, ८० गिगाबिट. हा निर्णय आम्हाला मनापासून आवडला. पण कितीतरी लॅपटॉपच्या माहितीपत्रकांत आजही ‘२ यूएसबी टाइप-सी पोर्ट’ एवढेच वाक्य असते. त्यांतला डावा ४० गिगाबिटचा आणि उजवा १० चा असेल, चार्जिंग दोन्हींतून होत असेल आणि मॉनिटर एकाच पोर्टवर चालत असेल, तर ते लॅपटॉपच्या अंगावरच, पोर्टच्या शेजारी कोरलेले हवे.

फरक केवढा पडतो? १०० जीबीचे व्हिडिओ ४८० मेगाबिटने न्यायचे तर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबी मिळतात, म्हणजे चाळीस मिनिटांहून जास्त. १० गिगाबिटने, दोन्हीकडची साठवण तेवढी वेगवान असेल तर, दोन मिनिटांच्या आसपास. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ प्रोचा पोर्ट १० गिगाबिटचा, पण सोबतची केबल यूएसबी २.० ची, साधा आयफोन १५ तर पोर्टापासूनच ४८० मेगाबिटचा. ॲपलने हे माहितीपत्रकात लिहिले होते, लपवले नव्हते. तरी केबल हातात धरणाऱ्याला ती कशी कळणार? अशी चार्जिंगची केबल देणारे इतरही पुष्कळ आहेत. तिच्यावर ‘४८० मेगाबिट’ कोरायला काहीच हरकत नव्हती.

मॉनिटर काळा राहण्याचे कारणही इथेच आहे. यूएसबी २.० च्या टाइप-सी केबलमध्ये पाचच वाटा असतात : वीज, ग्राउंड, डेटाच्या दोन आणि सीसी नावाची एक, जिच्यावरून चार्जर आणि उपकरण बोलतात. चित्र जाते ते वेगवान तारांच्या जोड्यांवरून, आणि त्या या केबलमध्ये नसतातच. केबल खराब नाही, तिच्यात तो रस्ताच घातलेला नाही. उलट बाजूने, वेगवान केबल लांब करता येत नाही. ४० गिगाबिटची साधी, म्हणजे आत सिग्नल वाढवणारी चिप नसलेली केबल सुमारे ०.८ मीटरपर्यंतच चालते, १० गिगाबिटची साधारण १ मीटर, ५ ची २ मीटर. यूएसबी २.० ची ४ मीटरपर्यंत जाते. तेव्हा दोन मीटर लांब, स्वस्त आणि ‘४० गिगाबिट’ अशी जाहिरात दिसली, आणि आत चिप असल्याचा उल्लेख कुठेच नसेल, तर त्या दाव्यावर आम्ही विश्वास ठेवू नका असेच सांगतो.

आता चार्जर. त्याच्या अंगावर आउटपुटचा तक्ता असतो हे खरे, पण काळ्यावर राखाडी आणि भिंग लावून वाचावा लागेल इतका बारीक. जो मोठा आकडा ठळक छापलेला असतो तो पुरेसा नाही, आणि का ते सांगतो. पॉवर डिलिव्हरीच्या नियमानुसार १५ वॅटच्या वर ९ व्होल्ट द्यावेच लागतात, २७ च्या वर १५ व्होल्ट आणि ४५ च्या वर २० व्होल्ट. म्हणजे बरोबर ४५ वॅटच्या चार्जरला २० व्होल्ट देण्याचे बंधन नाही. तो १५ व्होल्टला ३ अँपिअर देऊन नियम पाळतो. पुष्कळ लॅपटॉप २० व्होल्टशिवाय चार्जिंग सुरूच करत नाहीत. अशा लॅपटॉपला हा चार्जर लावला तर काहीच होत नाही, आणि माणूस म्हणतो पोर्ट गेला. १२ व्होल्टचे आणखी वेगळे. तो दाब सक्तीच्या यादीत नाही, एखादा चार्जर देतो, दुसरा देत नाही. तरीही १२ व्होल्टच हवे असलेली उपकरणे टाइप-सी पोर्ट लावून विकली जातात आणि सोबत ‘कोणत्याही पीडी चार्जरवर चालते’ असे लिहिलेले असते. ते खरे नाही. ९ आणि १५ दोन्ही चालतील असे सर्किट करा, नाहीतर ‘१२ व्होल्ट देणारा चार्जरच लागेल’ असे पोर्टाशेजारी लिहा.

दोन-तीन पोर्टांच्या चार्जरवर ‘६५ वॅट’ असते, पण तो आकडा एकच पोर्ट वापरला तरचा. दुसरा भरला की ४५ अधिक २०, तिसरा भरला की आणखी वेगळी वाटणी. ही वाटणी तरी माहितीपत्रकात सापडते. जे कुठेच सापडत नाही ते असे : दुसरी केबल लावताच कित्येक चार्जर सगळ्या पोर्टांशी नव्याने बोलणी करतात आणि त्या क्षणी पहिल्या पोर्टाची वीज सेकंदभर जाते. फोनमध्ये बॅटरी असते, त्याला फरक पडत नाही. पण त्या पोर्टावर बॅटरी नसलेला छोटा संगणक किंवा लिहीत असलेली हार्ड डिस्क असेल तर ती बंद पडते आणि फाइल खराब होऊ शकते. दुसरा पोर्ट जोडताना पहिल्याला धक्का न लावणारे चार्जर बनवता येतात. बनवत नसाल तर ‘दुसरे उपकरण जोडताना वीज क्षणभर खंडित होते’ हे वाक्य तक्त्याखाली द्या. शिवाय छोटे चार्जर तापले की स्वतःहून वॅट उतरवतात. तेव्हा ‘६५ वॅट’ सतत किती वेळ आणि कोणत्या तापमानाला, हेही सांगा.

ज्या फोन कंपन्यांची स्वतःची फास्ट चार्जिंग पद्धत आहे, त्यांना एक वेगळी विनंती. १० व्होल्टला ६.५ अँपिअर देऊन ६५ वॅट गाठणारी पद्धत तांत्रिकदृष्ट्या चांगली आहे, आम्हाला मान्य आहे. पण ती तुमच्याच चार्जरने आणि तुमच्याच केबलने चालते. बाहेरच्या पीडी चार्जरवर तोच फोन किती वॅट घेतो, तो दुसरा आकडा पहिल्या आकड्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत द्या. माणूस प्रवासात दुसऱ्याचा चार्जर वापरतो तेव्हा त्याला तोच लागतो. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून फोनसह अनेक उपकरणांना टाइप-सी सक्तीचे झाले, तेव्हा किमान आणि कमाल किती वॅट लागतील हे दाखवणारे लेबलही सक्तीचे झाले. एका भागासाठी छापता येते तर सगळीकडे छापा.

छोट्या उपकरणांकडे येतो : पंखे, दिवे, ट्रिमर, स्पीकर. वर म्हटलेला, जुन्या केबलने चालणारा आणि नव्या केबलने न चालणारा पंखा यांतलाच. टाइप-सी चार्जर समोर कोणी आहे याची खात्री झाल्याशिवाय पिनवर वीज सोडतच नाही. खात्री होते ती उपकरणातल्या दोन रेझिस्टरांमुळे, म्हणजे ठरावीक रोध असलेल्या छोट्या भागांमुळे. पोर्टात सीसीच्या पिना दोन असतात : सीसी १ पासून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा एक, सीसी २ पासून ग्राउंडला तसाच दुसरा. हे दोन गाळले की चार्जरच्या दृष्टीने पोर्ट रिकामा. जुन्या चौकोनी यूएसबी-ए पोर्टावर ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून त्या केबलने चालते आणि कारखान्यातल्या चाचणीत चूक सापडत नाही. सर्किटमधले सर्वांत स्वस्त भाग हेच, आणि ते वाचवून अख्खे उपकरण अर्धे निकामी होते. दोनऐवजी एकच रेझिस्टर दोन्ही सीसींना जोडून काम भागवायचे, हेही चालत नाही. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात हीच चूक होती. साध्या केबलने तो चालायचा, पण ई-मार्कर असलेली चांगली केबल लावली की चार्जरला तो ऑडिओ अडॅप्टर वाटायचा आणि वीज मिळायची नाही. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते दुरुस्त केले. शंका असेल तर तपासणी दोन मिनिटांची : उपकरण बंद ठेवून टाइप-सीचा ब्रेकआउट बोर्ड (प्रत्येक पिन बाहेर मोजता येईल अशी छोटी पट्टी) लावा, मल्टिमीटरने ए५ (सीसी १) ते ग्राउंड आणि बी५ (सीसी २) ते ग्राउंड मोजा. दोन्हीकडे ५.१ किलोओहमच्या जवळपासचा आकडा यायला हवा, आणि ए५ ते बी५ थेट जोडलेले नसावेत. पहिला तुकडा हातात आला की ही तपासणी करा आणि दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या, चिपवाल्या आणि बिनचिपच्या, अशा दोन्ही केबलींनी चालवून बघा.

रेझिस्टरची चूक उलट बाजूनेही होते, आणि ती जास्त महाग पडते. एका टोकाला यूएसबी-ए आणि दुसऱ्याला टाइप-सी असलेल्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा रेझिस्टर असायला हवा. तो फोनला सांगतो की समोर साधा यूएसबी पोर्ट आहे, बेताने घे. त्या जागी १० किलोओहम बसवला तर फोनला निरोप जातो की ३ अँपिअर मिळतील, आणि तो अर्ध्या अँपिअरच्या पोर्टाकडून ३ मागतो. २०१५ च्या अखेरीस गूगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग यांनी बाजारातल्या केबली एकेक करून तपासायला घेतल्या, तेव्हा हा दोष उजेडात आला. पुढे उलटसुलट तारा जोडलेल्या एका केबलने त्यांचा लॅपटॉप आणि चाचणीची उपकरणेच जाळली. चुकीची केबल किती नुकसान करू शकते हे तेव्हाच सर्वांना दिसले आहे.

आता या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट. काही उपकरणांसोबत असा अडॅप्टर येतो की ज्याची पिन टाइप-सी असते, पण आत बोलणी करणारे सर्किटच नसते; पिनवर १२ किंवा त्याहून जास्त व्होल्ट कायम चालू असतात. तो अडॅप्टर घरातल्या बाकीच्या चार्जरसारखाच दिसतो. एके दिवशी कोणीतरी तो ५ व्होल्ट अपेक्षित असलेल्या हेडफोनला किंवा फोनला लावतो आणि ते उपकरण जळते. टाइप-सीचा पहिला नियमच हा आहे की न विचारता वीज सोडायची नाही आणि विचारल्यानंतरही सुरुवात ५ व्होल्टनेच करायची. कायम १२ व्होल्टच द्यायचे असतील तर गोल पिन वापरा. ती कुरूप नाही, जुनाट नाही, त्या कामासाठी योग्य आहे. असे अडॅप्टर याआधी विकले असतील तर ते परत मागवा. इथे नुसती माहिती छापून भागणार नाही.

पॉवर बँकेबद्दल थोडक्यात. ‘२०,००० एमएएच’ हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ३.७ ने गुणले की ७४,००० मिलिवॅट-अवर, म्हणजे ७४ वॅट-अवर. बाहेर ५ व्होल्टने वीज देताना ते १४,८०० एमएएच होतात आणि रूपांतरात १० ते २० टक्के गेल्यावर बारा-तेरा हजार उरतात. ४,५०० एमएएचचा फोन चार वेळा भरेल असे वाटलेले असते, प्रत्यक्षात तो तीनएक वेळाच भरतो, कारण फोनच्या बॅटरीपर्यंत पोचतानाही थोडी जातेच. फसवणूक म्हणावी असे यात नाही, पण वॅट-अवर ठळक आणि एमएएच बारीक, असे छापले तर गैरसमजच होणार नाही. विमानात परवानगीशिवाय नेता येणारी मर्यादाही १०० वॅट-अवर अशीच मोजतात.

तुमची हरकत आम्ही ऐकली आहे : एवढे आकडे लोकांना समजत नाहीत. बल्बवर वॅट असतात, चपलेवर नंबर असतो, औषधाच्या गोळीवर मिलिग्रॅम असतात आणि लोक ते वाचतात. न छापलेले मात्र कोणालाच समजत नाही. दुसरी हरकत जागेची. पिनच्या प्लॅस्टिकवर तुमच्या ब्रँडचे नाव मावते, तर ‘५ अँपिअर, २४० वॅट, १० गिगाबिट’ही मावेल, लेझरने कोरले तर घासून जाणारही नाही. तिसरी हरकत खर्चाची, आणि ती मात्र गैरसमजातून आलेली आहे. प्रत्येक केबल २४० वॅटची आणि ४० गिगाबिटची करा असे आम्ही म्हणतच नाही. तशी केबल जाड, ताठ आणि आखूड होते. उशाशी फोन चार्ज करायला ती कोणालाच नको असते. त्या कामाला मऊ, लांब, यूएसबी २.० ची ६० वॅटची केबलच चांगली. ती तशीच बनवा, स्वस्त विका, फक्त तिच्यावर ‘३ अँपिअर, ६० वॅट, ४८० मेगाबिट’ लिहा.

फोन आणि लॅपटॉपची सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडेही एक काम आहे. केबलची चिप काय म्हणाली, चार्जरने कोणते दाब देऊ केले आणि आत्ता किती व्होल्ट, किती अँपिअर चालू आहेत, यातले बरेचसे उपकरणाला आतून माहीत असते. स्क्रीनवर मात्र ‘जलद चार्जिंग’ एवढेच येते. मॅकच्या सिस्टिम रिपोर्टमध्ये चार्जरचे वॅट दिसतात. २०२२ पासून काही क्रोमबुक लॅपटॉप, केबल मॉनिटरला किंवा पूर्ण वेगाला पुरेशी नसेल तर तसा इशारा देतात. म्हणजे हे अशक्य नाही. बॅटरीच्या पानावर तीन ओळी हव्यात : चार्जर इतक्या वॅटचा, केबल इतक्या अँपिअरची, आत्ता इतके वॅट. चौथी ओळ कारणाची : ‘फोन तापल्यामुळे वेग कमी केला’ किंवा ‘केबलमुळे मर्यादा’. ही ओळ नसल्याने लोक बॅटरी ८५ टक्क्यांवर असताना वेग मोजतात आणि चार्जर वाईट ठरवतात. वरच्या टप्प्यात फोन स्वतःच वीज कमी घेतो. मोजायचेच तर बॅटरी २० ते ४० टक्के असताना, स्क्रीन बंद ठेवून, फोन गार असताना मोजावे लागते.

आणखी एक, दुरुस्तीच्या पानांसाठी. केबल एका बाजूने लावली तर चार्ज होते आणि उलटून लावली तर होत नाही, अशी तक्रार आली की पोर्ट बदला असे सांगण्याआधी दोन पायऱ्या लिहा. पहिली, तीच केबल दुसऱ्या उपकरणात दोन्ही बाजूंनी लावून बघणे, म्हणजे दोष केबलचा की पोर्टाचा ते ठरते. दोष पोर्टाचा निघाला तर दुसरी : उपकरण बंद करून पोर्टातला कचरा कोरड्या लाकडी काडीने हलकेच काढणे. धातूची सुई घालू नये, कारण सीसीची पिन विजेच्या पिनला लागूनच असते. कपड्यांचे तंतू खिशात दाबले जाऊन दोनपैकी एक सीसी पिन झाकली जाते, आणि अशा वेळी बिघाड एकाच बाजूचा दिसतो. यानंतरही फरक पडला नाही तरच पोर्ट बदलावा.

या मागण्यांपैकी कोरण्याची मागणी पुढच्याच उत्पादनापासून अमलात आणता येईल, कारण तिच्यासाठी सर्किटमध्ये काहीही बदलावे लागत नाही. रेझिस्टरांसाठी पुढच्या बोर्डाची वाट बघू. कायम १२ व्होल्टचे अडॅप्टर मात्र आजपासूनच थांबवा.

कळावे,

आपले,
केबली, चार्जर आणि उपकरणे तपासणारे, दुरुस्त करणारे आणि त्यांविषयीच्या शंकांना उत्तरे देणारे आम्ही